आट्यांवर टेप, गळती पाइपाच्या कडेनं: निळ्या पाइपाच्या जोडांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेरची ही रो-हाऊसची वसाहत. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

इथं नगरपालिकेचं पाणी आठ दिवसाला येतं, तेही तास-दीड तास. त्यामुळे प्रत्येक घराला जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी. पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस अडकून पडतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते पाहिलेल्या माणसांची ही वसाहत आहे, दारात पाणी ठिबकलेलं इथं कुणाला बघवत नाही.

वसाहतीतला रस्ता सिमेंटचा होणार होता. जुन्या घरजोडण्या लोखंडी जीआय पाइपाच्या (जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), आतून गंजून निम्म्या बुजलेल्या. रस्ता एकदा झाला की पुन्हा फोडता येणार नाही, म्हणून आधी मुख्य लाइनपासून घराच्या फाटकापर्यंतचा पाइप बदलायचा, असं सोसायटीच्या बैठकीत ठरलं. वीस मिलिमीटरचा निळा एमडीपीई (मध्यम घनतेच्या पॉलिथिलीनचा) पाइप आणि त्याला प्लास्टिकची कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे पाइप आत घालून नट आवळून बसवायचे जोड, अशी निवड झाली. निवड चांगली होती. हा पाइप गंजत नाही, वाकतो आणि मुख्य लाइन ते फाटक अख्खा एकसंध टाकता येतो.

फाटकाजवळच्या चेंबरमध्ये प्रत्येक घराला एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आला. त्याचं एक तोंड कॉम्प्रेशनचं, त्यात निळा पाइप जातो. दुसऱ्या तोंडाला अर्ध्या इंची आटे, त्यात पितळी कॉक. हे दोन तोंडांचं प्रकरण लक्षात ठेवावं, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

काम वसाहतीच्या नेहमीच्या मिस्त्रींनी केलं. जीआयमध्ये त्यांचा हात बसलेला. आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावायच्या काळापासून ते या धंद्यात आहेत आणि टेफलॉन टेप आल्यावर त्यांनी तीच पद्धत टेपवर चालू ठेवली. दिवस मे महिन्याचे. रस्त्याच्या ठेकेदाराची घाई होती, म्हणून पाइप भर दुपारी अंथरले आणि बुजवले.

अडचण

नवीन जोडण्यांवर पहिलं पाणी सुटलं तेव्हा साधारण एक तृतीयांश चेंबर ओले झाले. कुठे नुसता पाझर, कुठे थेंबथेंब. मिस्त्रींनी पाणी गेल्यावर गळणारे नट उघडले, आट्यांवर भरपूर टेप मारली, पाइप-पान्यानं आवळले आणि निघाले. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण पाणीच नव्हतं. जोड टिकला की नाही, हे पुढच्या पाण्यापर्यंत कळायला मार्ग नव्हता.

आठ दिवसांनी तेच चेंबर पुन्हा ओले, त्यात दोन नवे. एका घरी नटच उभा तडकला होता. सोसायटीचे सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते चेंबरपाशी वाकून म्हणाले, "मिस्त्री, अजून गळायलंय की हो." मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, टेप कमी पडली असल. आणखी दोन वेढे मारतो." याच टप्प्यावर मला बोलावणं आलं. मी अशा कामांवर देखरेख करतो.

आणखी एक तक्रार मात्र गळतीच्या नावाखाली आलीच नव्हती. टोकाच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "पाणी आल्या आल्या पहिली बादली गढूळ येतीया." त्या घरी नळाला थेट मोटार लावलेली होती. थेट मोटार लावू नये हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि वसाहतीतल्या बऱ्याच घरांना ती आहे.

इथं हिशोब मांडणं गरजेचं होतं. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसभरात साधारण सव्वाचार लिटर पाणी जातं. पण पाणी दीड तासच असतं, म्हणजे एका जोडातून पाव लिटरच्या आसपास. एवढ्यासाठी कुणी चेंबर उकरणार नाही. खरा धोका उलट दिशेनं आहे. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत हवा ओढली जाते. मोटार चालू असेल तर ओढ आणखी वाढते. ज्या फटीतून पाणी बाहेर येतं तिच्यातूनच चेंबरमध्ये साठलेलं गढूळ पाणी आत जातं. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात पाझरणारा जोड ही नुसती नासाडी असते. आठ दिवसाला पाणी येणाऱ्या गावात तो पोटाच्या दुखण्याला आमंत्रण देतो. मावशींची बादली आणि ओला चेंबर या दोन तक्रारी नसून एकच आहे, हे बैठकीत पटल्यावर कामाला वेग आला.

हा जोड पाणी अडवतो कुठे

नळाच्या जोडांना आटे असतात, पण सगळे आटे पाणी अडवायला नसतात. भारतीय मानकांतच दोन वेगळी मानकं आहेत: आट्यांवरच पाणी अडायचं असेल तर आयएस 554, आणि आटे फक्त ओढून धरायला असतील तर आयएस 2643. पहिल्या प्रकारात आटे निमुळते असतात, आवळत जाऊ तसे एकमेकांत रुततात आणि मधली सूक्ष्म फट टेप भरून काढते. जीआयची सगळी दुनिया या प्रकारातली.

कॉम्प्रेशन जोडात नटाचं काम वेगळं. या निळ्या पाइपाच्या फिटिंगमध्ये नटाच्या आत एक दातेरी रिंग असते, ती पाइपाला पकडते. तिच्या पुढे एक बुश आणि त्याच्या पुढे रबरी ओ-रिंग. ओ-रिंग पाइपाच्या बाहेरच्या अंगावर घट्ट बसते आणि पाणी तिथं अडतं. नट आवळला की दातेरी रिंग मिटते आणि पाइप मागे सरकत नाही. नटाच्या आट्यांपर्यंत पाणी पोचायलाच नको.

समजा ओ-रिंग नीट बसली नाही आणि पाणी पुढे आलं. त्याला बाहेर पडायला दोन वाटा आहेत: आट्यांमधून, किंवा नटाच्या तोंडाशी पाइपाच्या कडेनं. टेप पहिली वाट अडवते, दुसरी सताड उघडी राहते. वसाहतीतल्या बहुतेक चेंबरमध्ये थेंब नटाच्या तोंडाशी, पाइपावरूनच ओघळत होते. टेप मारून ते थांबणं शक्यच नव्हतं.

तांब्याच्या नळीवरच्या पितळी कॉम्प्रेशन जोडाचंही तत्त्व हेच. तिथं रबराऐवजी पितळेची किंवा तांब्याची रिंग नळीवर दाबली जाते. ती नळीलाही चिकटते आणि फिटिंगच्या उतरत्या बैठकीलाही. आट्यांवर टेप तिथंही निरुपयोगी. जुन्या, ओरखडलेल्या नळीवर काही कारागीर रिंगेवरच टेपचे एक-दोन वेढे देतात आणि बारीक पाझर थांबतोही. पण ती डागडुजी, नव्या कामाची पद्धत नव्हे. आणि गॅसच्या नळीवर हा प्रयोग अजिबात करू नये.

जोड उघडल्यावर काय दिसलं

मिस्त्रींचा प्रश्न रास्त होता: "टेप मारल्यानं बिघडतंय काय? मारली तर मारली." त्याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा त्यांच्याच हातानं एक जोड उघडायचा, असं ठरवलं.

नट सोडला तर आट्यांत टेपच्या पांढऱ्या दोऱ्या झालेल्या, खाचांत गोळा होऊन बसलेल्या. या प्लास्टिक नटाचे आटे जाडेभरडे असतात, टेप त्यांच्यावर सपाट बसत नाही, गुंडाळून येते. तिच्यामुळे नट तिरपा चढला होता. हाताला घट्ट लागत होता, पण आत पुरता गेला नव्हता. म्हणजे बिघडत होतं ते हे: घट्टपणाचा अंदाज चुकत होता, आणि मग पान्यावर जोर पडून नट तडकत होता. टेपचा एक तुकडा सुटून ओ-रिंगखाली अडकला होता. तेवढी चिरोटीही पाण्याला वाट करून द्यायला पुरते.

पाइप बाहेर काढला तेव्हा मूळ दुखणं दिसलं. हॅक्सॉनं कापलेलं टोक तिरकं, कडेला प्लास्टिकची खरखरीत दाढी तशीच. कड उतरती केलेली नव्हती, त्यामुळे पाइप घुसवताना ओ-रिंगला एका जागी चीर गेली होती. नखानं दाबली की ती उघडायची. पाइपाच्या अंगावर लांबीच्या दिशेनं ओरखडे होते, कारण गुंडाळी मुरमावरून ओढत आणली होती. आडवा ओरखडा एक वेळ चालतो. उभा ओरखडा ओ-रिंगच्या खालून पाणी बाहेर नेणारी चारीच असते.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पाइप फिटिंगमध्ये पुरता गेलेला नव्हता. काही चेंबरमध्ये तो बसवताना पुरता गेला होता, पण नंतर मागे सरकला होता. मे महिन्यातल्या दुपारी निळा पाइप उन्हात चांगलाच तापतो. पॉलिथिलीनचा दहा मीटर पाइप वीस अंशांनी थंड झाला तर तीन-चार सेंटिमीटर आखडतो. इथं पाइप तापलेला असताना ताणून, सरळ रेषेत टाकला, लगेच बुजवला. रात्री जमीन निवली, मग त्यातून गार पाणी गेलं, आणि पाइपानं स्वतःला जोडातून ओढून घेतलं. रस्त्याच्या कडेची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तीही पाइप ओढत राहणार.

दाबाचं कारण मिस्त्रींनी पुढे केलं होतं, "मोटारीचा दाब सोसंना." पण मोटार लाइनमधून ओढते, या जोडावर दाब वाढवत नाही. पालिकेची टाकी बारा मीटर उंच धरली तर तिचा दाब साधारण सव्वा बार (एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा दाब). ही फिटिंग सोळा बारला पात्र आहेत. जोड सव्वा बारला गळत असेल तर दोष बसवण्यात असतो.

समोर असलेले पर्याय

मिस्त्रींचा पर्याय जास्त टेप आणि जास्त जोर हा होता. तो पहिल्या जोडावरच बाद झाला. एका रहिवाशानं एपॉक्सी पुट्टी लावायचं सुचवलं. पॉलिथिलीनला कोणताही डिंक धड चिकटत नाही, पीव्हीसीचं सोल्युशनही नाही. पुट्टी चार दिवस छान दिसली असती आणि मग कवच होऊन सुटली असती. पुन्हा जीआयकडे जाण्याचा सूरही निघाला, पण जुन्या पाइपांचे गंजलेले तुकडे अजून रस्त्याकडेला पडून होते. तो सूर आपोआप विरला.

इलेक्ट्रोफ्यूजन, म्हणजे विजेनं तापवून पाइप फिटिंगमध्ये वितळवून जोडणं, हा तांत्रिकदृष्ट्या सर्वात पक्का पर्याय. ओ-रिंगच नाही, तर गळणार काय? पण यंत्र आणि ते चालवणारा माणूस बाहेरून आणावा लागणार, आणि चेंबरमध्ये उद्या कॉक बदलायचा झाला तर उघडता येणारा जोड हवाच. म्हणून तो सोडला.

राहिला सगळे जोड उघडून, नव्या ओ-रिंगनं, टेपशिवाय पुन्हा बसवण्याचा पर्याय. याला विरोध पैशांचा नव्हता, ओ-रिंग काही रुपयांना मिळते. विरोध होता "जे गळत नाहीत त्यांना कशाला हात लावायचा" या म्हणण्याचा. ते चुकीचं नव्हतं. चांगला बसलेला जोड उघडला की दातेरी रिंगेचे वण पाइपावर राहतात. मग टोक कापून नव्या जागी बसवावं लागतं आणि पाइपाची लांबी कमी होते. शेवटी मधला मार्ग काढला: गळणारे सगळे उघडायचे, आणि कोरड्या चेंबरपैकी ज्यांच्या नटावर टेप दिसते तेवढेच तपासायचे.

रस्ता थांबवायचा का

सगळ्यात अवघड निर्णय पाइपाचा नव्हताच. ठेकेदाराची गाडी ठरली होती. काँक्रीट पडलं की मुख्य लाइनकडचे फेरूलचे जोड कायमचे खाली जाणार (मुख्य लाइनवर घरजोडणी जिथून निघते, तिथला बंद करता येणारा तुकडा म्हणजे फेरूल). ते जोडही याच मिस्त्रींनी, याच पद्धतीनं केलेले. ठेकेदार थांबायला तयार, पण पावसाळा तोंडावर होता आणि बैठकीत अर्ध्या लोकांना चिखलाची धास्ती.

माझा आग्रह थांबण्याचा होता. गुरुजींनी तडजोड काढली: वरच्या अर्ध्या गल्लीत काँक्रीट होऊ द्यायचं, खालच्या अर्ध्या गल्लीतले फेरूल आधी उघडून बघायचे. वरची अर्धी गल्ली निवडायचं कारण तिथले चेंबर कोरडे होते. कारण तर्काला धरून आहे. पण फाटकाचा चेंबर कोरडा आहे म्हणजे मुख्य लाइनकडचा जोडही कोरडा आहे, असं होत नाही. त्या दिवशी बैठकीत हे कुणी ठासून विचारलं नाही.

दुसरा प्रश्न तपासणीचा. पुढच्या पाण्याची वाट बघायची तर प्रत्येक दुरुस्तीला आठवडा. म्हणून हातानं चालणारा टेस्टिंग पंप भाड्यानं आणला. फेरूल बंद करून चेंबरच्या बाजूनं पाणी भरायचं आणि दाब द्यायचा. इथं दोन गोष्टी शिकवाव्या लागल्या. पॉलिथिलीनचा पाइप दाबाखाली किंचित फुगतो, त्यामुळे गळती नसतानाही सुरुवातीला काटा थोडा खाली येतो. तो बघून पुन्हा पाना लावू नये, दाब पुन्हा भरून काटा स्थिरावतो का ते बघावं. आणि नुसता जास्त दाब देऊन भागत नाही. ओ-रिंग दाबाखाली दबून जास्त घट्ट बसते, म्हणून चीर असलेली ओ-रिंगही कधी कधी पाच बारला कोरडी राहते आणि अर्ध्या बारला पाझरते. आपल्याकडे पाणी सुटताना आणि संपताना लाइनमध्ये नेमका तेवढाच दाब असतो. म्हणून प्रत्येक जोड आधी कमी दाबावर, मग जास्त दाबावर पाहिला.

प्रत्यक्ष काम

मिस्त्रींनीच केलं, दुसरा माणूस आणला नाही. पाइप कात्रीसारख्या कटरनं सरळ कापला. टोकाची बाहेरची कड उतरती केली, पॉलिश पेपर फिरवून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. ओरखडलेला भाग कापून टाकला. फिटिंगची खोली मोजून पाइपावर स्केच पेननं रेघ मारली. पाइप आत घातल्यावर रेघ नटाच्या तोंडाशी आली तरच पुरता गेला असं धरायचं. ही रेघ पुढेही कामाला येते, कारण ती बाहेर दिसायला लागली की पाइप सरकला हे न उघडता कळतं.

ओ-रिंगला साबणाचं पाणी लावलं. मिस्त्रींच्या पिशवीत ग्रीस होतं, ते ठेवून द्यायला सांगितलं. रबर ईपीडीएम नावाच्या जातीचं असेल तर खनिज तेलानं ते फुगतं, आणि हातातलं रबर कोणतं हे बघून ओळखता येत नाही. नट हातानं पुरता चढवला, तिरपा नाही ना हे बाजूनं बघितलं, मग पान्यानं थोडा. टेप नाही.

पितळी कॉककडच्या तोंडावर मात्र टेप मारली, आणि ती मारायलाच हवी होती. तिथं पाणी आट्यांवरच अडतं. फक्त मिस्त्रींची सवय इथंही थोडी मुरडावी लागली. काही एल्बोंचं हे तोंड प्लास्टिकचं, आतून आटे असलेलं होतं, आणि त्यात जाड टेप मारलेला पितळी आटा घातला की तो पाचरीसारखा काम करतो, प्लास्टिक उभं चिरतं. आधी तडकलेल्या मालात असा एक एल्बो निघालाही. नवे एल्बो बाहेरून आट्याचे आणले आणि ते पितळी कॉकच्या आत बसवले. टेप आट्याच्या दिशेनं, खाचा भरतील एवढीच, पहिला आटा मोकळा ठेवून.

पाइपाला जागा असेल तिथं चरात थोडी नागमोड दिली, म्हणजे आखडायला पाइपाकडे शिल्लक राहते. बुजवण्याचं काम सकाळी, पाइप गार असताना, आणि पाइपाभोवती काळ्या मातीऐवजी चाळलेली कच टाकून.

निष्पत्ती

पुढच्या पाण्याला चेंबर कोरडे राहिले. एक सोडून, तिथं एल्बो दुसऱ्या बनावटीचा आणि नट आधीच्या बनावटीचा, अशी मिसळ झाली होती. आटे बसतात, पण आतली दातेरी रिंग आणि बुश जुळत नाहीत. पूर्ण फिटिंग एकाच बनावटीचं घातलं, पाझर थांबला. मावशींकडचं पाणी स्वच्छ यायला लागलं. मोटार मात्र अजून थेट नळालाच आहे.

खालच्या गल्लीतले फेरूलचे जोड उघडले तेव्हा त्यातल्या निम्म्यांवर टेप निघाली आणि पाइपाची टोकं तशीच तिरकी. तेही नव्यानं बसवले. म्हणजे वरच्या गल्लीत, काँक्रीटखाली, तसेच जोड गेले असणार.

मिस्त्री आता दुकानात गेले की ओ-रिंगची पुडी वेगळी मागून घेतात. त्यांनी एक आक्षेप मात्र सोडलेला नाही: टेपशिवाय नट हाताला "कोरडा" लागतो, ग्राहकाला वाटतं मिस्त्रीनं काम अर्धवट केलं. हे खरंच आहे. दोन घरांत लोकांनी त्यांना परत बोलावून विचारलं होतं, "टेप नाही मारली का हो?"

वेगळं काय करता आलं असतं

टेस्टिंग पंप पहिल्याच दिवशी, पाइप उघडा असताना आणला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पंपाचं दिवसाचं भाडं एका चेंबरच्या उकराउकरीपेक्षा कमी पडतं.

पहिल्या गळतीनंतर एक जोड पूर्ण उघडून, पाइप बाहेर काढून बघायला हवा होता. नट सोडून टेप मारून पुन्हा आवळणं म्हणजे जोड उघडणं नव्हे, कारण पाइपाचं टोक आणि ओ-रिंग त्यात दिसतच नाहीत. गेलेले आठ दिवस तिथंच गेले. थेंब नेमका कुठून निघतो, आट्यातून की पाइपाच्या कडेनं, हे चेंबर पुसून, कोरडा कागद गुंडाळून दोन मिनिटांत कळलं असतं.

खरेदी एकाच दुकानातून, एकाच बनावटीची करून प्रत्येक मापाच्या चार-पाच ओ-रिंग जादा ठेवायला हव्या होत्या. आणि मे महिन्यात दुपारी पाइप बुजवायला ठेकेदाराला परवानगी द्यायलाच नको होती.

वरच्या गल्लीचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. काँक्रीट फोडायला कुणी तयार नाही. सध्या पाण्याच्या दिवशी त्या घरांनी पहिलं पाणी बाटलीत भरून गढूळ आहे का ते बघायचं आणि सोसायटीच्या वहीत नोंद करायची, एवढं चालू आहे. एका घराच्या नोंदी संशयास्पद आहेत. त्यांचा फेरूल पालिकेच्या माणसाकडून बंद करून, फाटकाकडून टेस्टिंग पंप लावून बघायचं बैठकीत ठरलं आहे. दाब टिकला नाही तर त्या घरासाठी रस्त्याखालून नवा पाइप घालावा लागेल, आणि तो खर्च सोसायटीनं करायचा की घरमालकानं, यावर पुढच्या बैठकीत भांडण ठरलेलं आहे.